बचावफळीतली सोनू

काठमांडूतल्या उपांत्य सामन्याची सहा मिनिटं उरली होती आणि अजून एकही गोल झाला नव्हता. डावीकडून चेंडू आत आला. यजमानांची आघाडीवीर मोकळी धावत येतेय, हे सोनूनं पाहिलं होतं. चेंडू बाहेर ढकलायला तिनं घसरत उजवा पाय घातला. चेंडू टाचेला लागून वळला आणि भारताच्याच जाळ्यात गेला. सगळं मैदान आनंदानं ओरडलं. सोनू गवतावर तशीच बसून राहिली. शेवटी गोलरक्षक मुलीनं हाताला धरून उठवलं.

भारताकडून तिचा हा एकोणिसावा सामना. आधीच्या अठरा सामन्यांत तिचं नाव कुणी फारसं घेतलं नव्हतं. भारत त्या एका गोलनं हरला आणि त्या संध्याकाळपासून मात्र लोकांच्या मोबाइलवर तीच होती.

सुट्टी मिळाली तशी ती रेल्वेनं परभणीला आली आणि एसटीनं पाथरीला. घर राणीसावरगावात, पण पावसाळा सरला की घराला कुलूप लागायचं. आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. त्या आठवड्यात पाथरीजवळ एका रिकाम्या शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवली होती.

लहानपणी सोनूही त्यांच्यासोबत गावोगाव फिरली होती. मग शाळेसाठी तिला गंगाखेडला आत्याकडं ठेवलं. तिथं पोरांच्या फुटबॉलमध्ये एक जण कमी पडला, म्हणून शाळेतल्या भागवत सरांनी तिला बोलावलं आणि नवखी म्हणून मागं उभं केलं. "तुला ओलांडून कुणी जायला नको, एवढंच बघ," सर म्हणाले. तिनं कुणाला जाऊ दिलं नाही. पुढं जिल्ह्याचा संघ, पुण्याचं क्रीडा वसतिगृह, मग भारताची निळी जर्सी. मुलाखती गोल करणाऱ्या मुलींच्या व्हायच्या. सोनूला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मागं काही घडलं नाही, हीच तिची कामगिरी. आता मात्र घडलं होतं, आणि तिच्याच पायानं.

शेतात पोचली तेव्हा वडील, सटवाजी, एका लंगड्या मेंढीच्या खुराला औषध लावत होते. शेतमालकाच्या मोबाइलवर त्यांनी आणि आईनं सामना पाहिला होता.

"मुद्दाम तर मारला न्हाईस ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"न्हाई, आबा."

"मग झालं. हिचा पाय धर जरा."

सोनूनं पाय धरला. विषय तिथंच संपला असता, पण भाकरी थापता थापता आई, कासाबाई, म्हणाली, "तुझ्यासंगच्या त्या दोघी चालायल्त्या. तू एकलीच पळायल्तीस."

"कवा गं, माय?"

"चेंडू आत जायच्या आधी. पार तिकडच्या टोकापासून पळत आलीस तू. लोकं चेंडू बघायल्ते. मी कशाला चेंडू बघू? मी तुलाच बघायल्ते."

सोनू बांधावर जाऊन बसली आणि आठ दिवस टाळलेली चित्रफीत तिनं उघडली. आई म्हणाली ते खरं होतं. ती धावली नसती तरी समोरच्या संघानं गोल केलाच असता. पण तिला दुसरंही दिसलं: तिथं डावा पाय घालायला हवा होता. डाव्या पायावर तिचा कधीच भरवसा नव्हता, म्हणून तिनं उजवा घातला होता. चूक तिचीच होती. पण ती सुधारण्यासारखी आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. मग तिला रडू आलं.

पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती गंगाखेडला भागवत सरांकडं गेली आणि सात महिने रोज सकाळी शाळेच्या भिंतीवर डाव्या पायानं चेंडू मारत राहिली. संघातली एक मुलगी जखमी झाली तेव्हा बोलावणं आलं. त्यानंतर ती आणखी बावीस सामने खेळली, चारांत कर्णधार होती. मग गुडघा गेला. शस्त्रक्रियेनंतर ती परतली, पण वळताना अर्धं पाऊल मागं पडायला लागलं. इतर कुणाला कळण्याआधी ते तिला कळलं. तिनं स्वतःच प्रशिक्षकांना सांगितलं की आता आपल्या जागी दुसरी बघा. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

आज सोनू परभणी स्टेशनावर तिकीट तपासनीस आहे. सुट्टीच्या दिवशी ती गंगाखेडला सोळा मुलींना शिकवते. त्यातल्या तिघी दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि खेळ तिथंच तुटतो. यंदा त्यांना गावातच ठेवून घ्यायला आत्या, सगुणाबाई, तयार झाली आहे. दोघींच्या घरचे हो म्हणालेत. तिसरीचा बाप अजून ऐकत नाही. सोनू दोनदा जाऊन आली. येत्या रविवारी ती भागवत सरांना सोबत नेणार आहे.