काकूच्या कोंबड्या

तुमच्या फोटोतलं जाळीचं खुराडं पाहिलं आणि मला धानोऱ्याचं अंगण आठवलं. तिथे माझ्या विधवा काकूच्या कोंबड्या मोकळ्या हिंडायच्या, आणि रोज एखादं पिल्लू नाहीसं व्हायचं. कोणी बोक्याचं नाव घेई, कोणी मुंगसाचं.

एका दुपारी काकू मुसळ घेऊन कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बसली. "आज त्याले जित्तं सोडाव नही!"

तिच्या पाठीमागे, त्याच ढिगातून, घोरपड निघाली आणि तिने पिल्लू धरलं. काकूने मुसळ हाणलं. घोरपडीचं डोकं फुटलं, लुगड्यावर रक्त उडालं, तरी काकू मारतच राहिली.

"बस व, मरी गयी ती!" आजी, म्हणजे तिची सासू, ओरडली.

"माय, या घरमा मन्हं इतलंच शे!" काकू म्हणाली. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या कोंबड्यांपलीकडे काहीच नव्हतं.

मी तेव्हा आनंदाने टाळ्या पिटत होते. आज आठवते ती आजीची खाली गेलेली मान.