चार वाजताची नाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — देवापुढे तर मी उदबत्ती लावून पळच काढते. तुम्हाला सांगते.

सत्तर साल अजून उजाडायचं होतं. बालाघाटच्या एका दवाखान्यात मी रात्रपाळीची आया होते. हृदयाच्या रोग्यांसाठी वेगळा वॉर्ड तेव्हा कुठला? एक खोली, चार खाटा, बस. रात्रीची सिस्टर एकच, ती बाळंतिणींकडे अडकलेली. म्हणून दर दोन तासांनी नाडी मोजून खाटेला टांगलेल्या तक्त्यावर आकडा लिहायचं काम माझ्याकडे आलं — मी सातवी शिकलेली ना! केवढा तोरा होता मला त्याचा.

दुसऱ्या खाटेवर उकव्याच्या खाणीतला एक मजूर होता. त्याला अजिबात उठवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याची बायको गिरजा व्हरांड्यात झोपायची. त्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, ती आत आली. त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, पेजेचा चमचा तोंडाला लावला. पेज गालावरून ओघळली. तिनं हंबरडा फोडला, तेव्हा मी शेगडीजवळून उठून धावले.

अंग गार. जबडा घट्ट झालेला. मेलेली माणसं मी काय कमी पुसली होती? हा जाऊन दोन-तीन तास तरी झालेत, हे मला हात लावताच कळलं.

डॉक्टर उजाडल्यावर आले. त्यांनी तक्ता पाहिला — चार वाजता नाडी शहात्तर.

"चार बजे तक तो ठीक था. फिर किसने हिलाया इसे?"

"मीच जी," गिरजा म्हणाली. "रातभर उपाशी होते ना. पेज पाजाले उठवलं. माह्याच हातानं गेले काय जी?"

डॉक्टरांनी तक्ता परत खाटेला टांगला.

दोनचा आणि चारचा — दोन्ही आकडे मी बारा वाजताच लिहून ठेवले होते. थंडी होती, शेगडी सोडवत नव्हती. एवढंच कारण. दोनला गेले असते तर तो वाचला असता का? कोण सांगणार. पण गिरजाला सोडवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. नोकरी जाईल म्हणून मी ते गिळलं. त्या दिवशी मी तिला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला — आणि गप्प बसले.

काही वर्षांनी वारासिवनीच्या बाजारात तिनंच मला ओळखलं. सीताफळं विकत बसली होती.

"बाई, तुमी होत्या ना तवा?"

"हौ."

"तवापासून घरी पेज नाही शिजवली जी. पोरगं तापानं फणफणलं, तरी त्याचं डोकं उचलाची हिंमत नाही झाली. माह्या हाताले भेवच बसला." मग तिनं माझ्या पिशवीत चार सीताफळं टाकली. "पैसे नका देऊ. तुमी मले चहा पाजलता."

तेव्हाही सांगता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, नोकरीही सुटली होती.

सीताफळं घरी आणली. चांगली पिकलेली होती. मी खाल्ली.