युद्धाचे परिणाम

नववीच्या आमच्या ब्लॉगवर मी मुलांना युद्धाविषयी लिहायला सांगितले होते. आरतीने लिहिले, की सैन्यातून परतलेले तिचे बाबा दिवाळीत फटाके वाजू लागले की आतल्या खोलीचे दार लावून भिंतीला टेकून बसतात. त्याखाली मी सवयीने टिप्पणी केली : ‘कारणे व परिणाम मुद्देसूद लिहावेत.’

दुसऱ्या दिवशी तिचा मजकूर तिथे नव्हता. वर्गात विचारले, तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, “काढून टाकला, सर. मी परिणामच लिहिले होते.”

इतकी वर्षे मी युद्धे शिकवली, ती पाच गुणांच्या उत्तरात मावतील एवढी लहान करून. टिप्पणी साऱ्या वर्गाला दिसेल अशी केली होती. क्षमा मागण्याची वेळ आली, तेव्हा मात्र मी फळ्याकडे वळलो.