दादाला बसवलं तेव्हा

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि बसल्या बसल्याच मातीआड करतात. आडवा गेला तो बेवारशी, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. जीव गेल्याबरोबर बसवावं लागतं, नाहीतर अंग ताठतं. दादाचा जीव गेला तेव्हा त्याच्याजवळ आमचं कुणी नव्हतं.

तो निजामाच्या फौजेत शिपाई होता, मोठ्या लढाईच्या काळात भाकरीसाठी भरती झालेला. रजेवर आला की मला लाटणं खांद्यावर घ्यायला लावून अंगणात कवायत करवायचा, पाय चुकला की वेणी ओढायचा. हिंद सरकारची फौज सोलापुराकडून आत शिरली, तेव्हा नळदुर्गच्या वाटेवर तो गोळी लागून पडला. गाव गुलाल उधळत होतं आणि आमचे अप्पा बैलगाडी घेऊन पोराला हुडकायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी वेशीत आली. पहिला धोंडा बैलाच्या शिंगावर बसला, दुसरा अप्पांच्या कानशिलावर. गावाचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, पण माफही केलेलं नाही. त्याच सालच्या उन्हाळ्यात निजामाच्या नावानं फिरणाऱ्या एका हत्यारबंद टोळीनं आमची आळी लुटली होती. शेजारच्या काकूंचा एकुलता मुलगा कडब्याच्या गंजीत लपला, तर त्यांनी गंजीच पेटवली. त्या टोळीच्या अंगावर खाकी होती आणि दादाच्या अंगावरही खाकीच होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

अप्पांनी रक्त पुसत गाडी अंगणात घेतली. दादाचे पाय फळीसारखे ताठ झाले होते, छातीवरच्या काळ्या रक्तावर माश्या बसत होत्या. दाराबाहेरून माणसं ओरडत होती, "वर्दी उतरवा. जाळा तिला." मातीसाठी आलेले जंगम स्वामी ओट्यावरून म्हणाले, "बसवल्याबिगर मला विधी करता यायचा न्हाय."

"बसंल," आई म्हणाली. "खाल्ल्या मिठाला जागला माझा ल्योक. आडवा जायचा न्हाय."

तिनं आणि अप्पांनी गुडघ्यांवर सगळा भार टाकला. कढत पाणी ओतलं. पाय वाकेनात. आमचीच भावकी दारात उभी राहून बघत होती. त्यातला एक हसला. मी विळा उचलून त्याच्यावर धावले, त्यानं माझं मनगट पिरगाळून मला गोठ्याच्या खांबावर आपटलं. ओठ फाटला. तोंडातलं रक्त मी त्याच्या धोतरावर थुंकले, ह्याचं मला आजही बरं वाटतं.

तेवढ्यात काकू आल्या. हातात मुसळ होतं. माणसं बाजूला झाली.

आई जागची हलली नाही. "मारा अक्का," ती म्हणाली. "तुमचा हक्क हाय."

पहिला घाव दादाच्या छातीवर बसला, वर्दीचं पितळी बटण उडून भिंतीवर आदळलं. दुसऱ्या घावाला जबडा सरकला, दात मोडले. मी किंचाळत होते, अप्पांनी मला आवळून धरलं होतं. तिसऱ्यांदा काकूंनी मुसळ वर नेलं आणि त्यांची नजर दादाच्या ताठ पायांवर गेली. त्या धापा टाकत थांबल्या.

"ह्याला अजून बसवला न्हाय?"



काकू खाली बसल्या. मुसळ दादाच्या गुडघ्याखाली आडवं सारलं. "धरा, मांडी घट्ट धरा," त्या आईला म्हणाल्या आणि नडगीवर अख्ख्या अंगाचा भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला. मग दुसरा पाय, पुन्हा तोच आवाज.

"माझ्या लेकराची निस्ती राख घावली," त्या भार टाकता टाकता म्हणत होत्या. "राखंला बसवता येत न्हाय. ह्याला तरी बसू द्या."

दादा भिंतीला टेकून मांडी घालून बसला. जबडा फडक्यानं बांधलेला, अंगावर तीच वर्दी. ती उतरवा असं मग कुणी म्हणालं नाही. काकू मुसळ तिथंच टाकून निघून गेल्या.

आईनं ते धुऊन त्यांच्या दाराशी नेऊन ठेवलं. त्यांनी ते चुलीत घातलं, आणि मरेपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दादाच्या तुटलेल्या दातांचा राग माझ्या मनात अजून आहे. पण त्या आल्या नसत्या तर माझा भाऊ आडवाच गेला असता.