कोंडाजीचा उजवा खांदा

लोणावळ्याच्या बाजारामागं एक कोळशा-लाकडाची वखार होती. तिथला कारकून कोंडाजी यानं दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी आपली खुर्ची उचलली, बाहेर नेली आणि कोळशाच्या ढिगावर आपटली. आपटली म्हणजे अशी की तिचा एक पाय लुळाच पडला.

हेडकारकून परचुरे चष्म्यावरून बघत राहिले. "हे काय आरंभलंय, कोंडाजीराव?"

"आजपासून मी उभ्यानं लिहिणार."

"का? खुर्चीला काटे आले?"

"खुर्चीला काही झालं नाही. मला पोट सुटलंय."

बाहेर काट्यावर कोळसा तोलणारा नसीर पोट धरून हसला. पण दुपारी त्यानंच एक रिकामं खोकं आणून कोंडाजीच्या टेबलावर पालथं घातलं आणि म्हणाला, "घ्या भाऊ, ह्या उंचीवर लिहा. वाकून लिहाल तर पोट राहील बाजूला, कंबर जाईल." कोंडाजी त्याच्यावरही खेकसला. खोकं मात्र काढलं नाही.

आता एवढा राग कशाचा? त्याचं मूळ होतं तिकडं आंदर मावळात. वडगावला गाडीतून उतरायचं, पुढं निम्मा दिवस पाय तोडत चालायचं, तेव्हा कुठं कोंढारवाडी यायची. ते कोंडाजीचं गाव. गावामागच्या डोंगरावर भैरोबा. चैत्रातल्या जत्रेला देवाची पालखी भर दुपारी डोंगर चढायची आणि तिची पुढची उजवी दांडी कोंडाजीच्या घराची. पणज्यानं उचलली, आज्यानं उचलली, मग बापानं, रखमाजीनं उचलली. मान मोठा, पण अट त्याहून मोठी. पायथ्याला दांडी खांद्यावर घेतली की विसाव्याच्या दगडापर्यंत पालखी थांबवायची नाही, भुईला टेकवायची नाही. मानकरी थकला तर त्याच्याच घरातल्या माणसानं दांडीखाली शिरायचं. घरातलं कुणी नसलं तर भावकीतला कुणी शिरणार, आणि जो शिरला त्याच्या घरी मान कायमचा गेला. परत मागायची सोय नाही.

रखमाजी भादव्यात वारला. कोंडाजी त्याचा एकुलता. कोंडाजीला एकच लेक, ती वराळ्याला दिलेली. भाऊ नाही, मुलगा नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि चुलतभाऊ भिमाजीला तर फारच चांगलं ठाऊक होतं, कारण त्याला तीन मुलगे होते, तिघंही बैलासारखे.

दसऱ्याला देवाला सोनं वाहायला कोंडाजी डोंगर चढायला लागला आणि निम्म्यातच त्याला धाप लागली. खांद्यावर काही नव्हतं हो! हातात आपट्याची चार पानं, तेवढंच. तो धोंड्यावर टेकून फुसफुसत होता तेवढ्यात भिमाजी मागून आला.

"काय रं कोंडा, पानं जड झाली व्हय? आण हिकडं, मी नेतो."

लोक हसले. भिमाजीला चेव आला. "मान खांद्याचा हाय बाबा, खुर्चीचा न्हाई. जमत नसंल तर आत्ताच सांग. माजी पोरं तयार हायती."

कोंडाजीच्या मस्तकात तिडीक गेली. भिमाजीचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या पोटाचा. हाच कोंडाजी पोरवयात वासरू खांद्यावर टाकून हाच डोंगर चढायचा. मग बापानं हौसेनं शिकवलं, पोरगा फायनल पास झाला, वखारीत चिकटला. चौदा वर्षं सकाळी जो बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. साहेबांच्या बंगल्यांना कोळसा जात राहिला, कोंडाजी बिलं लिहीत राहिला, आणि अंगातली सगळी ताकद कुठं पाझरून गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही. गाव म्हणायचं, कोंडाचं नशीब काढलं. डोंबलाचं नशीब!

बायको विठाबाई गावीच. एवढ्याशा पगारात लोणावळ्याला बिऱ्हाड कसं करणार, आणि शेत कुणी बघायचं? भाताची लावणी, कापणी, भारे, गुरं, सासऱ्याचं दुखणं, सगळं तिच्या अंगावर. कोंडाजी महिन्या दोन महिन्यांनी घरी यायचा, तिच्यावर चार वेळा ओरडायचा आणि परत जायचा. आपण कमावतो, मग आवाज चढवायचा तो आपणच, असा त्याचा हिशेब.

तर दसऱ्यापासून कोंडाजी पेटला. दिवसभर उभ्यानं लिहायचं, आणि पहाटे नसीरकडून कोळशाचं पोतं घेऊन, ते उजव्या खांद्यावर टाकून तुंगार्लीच्या डोंगरावर जायचं. चौथ्याच दिवशी शिपायानं अडवलं. पहाटेच्या अंधारात कोट-बुटातला माणूस कोळशाचं पोतं घेऊन डोंगरात निघालाय, शिपायानं तरी काय समजायचं? "व्यायाम करतोय" म्हटल्यावर तर तो जास्तच संशयानं बघायला लागला. शेवटी नसीरनं चौकीवर जाऊन सोडवून आणलं आणि पोत्यात वाळू भरून दिली. म्हणाला, "वाळू चोरणारा अजून जन्माला यायचाय."

परचुऱ्यांनी छळायचं बाकी ठेवलं नाही. गिऱ्हाईक आलं की मोठ्यानं म्हणायचे, "ह्यांना बसायला मनाई आहे, मूळव्याध झालीय." कोंडाजी दात खाऊन लिहायचा आणि मनातल्या मनात परचुऱ्यांना पोत्यात घालून डोंगरावर न्यायचा. वाट अशी लवकर सरायची. माघ सरला तसं पोट आत गेलं, मांड्या भरल्या, खांद्याला घट्टा पडला. फाल्गुनात तो तुंगार्लीचा चढ पोत्यासकट न थांबता चढला आणि वर जाऊन खाली दरीत थुंकला. भिमाजीच्या नावानं थुंकला.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. येणार कशी? वखारीचं गिऱ्हाईक साहेबांचं, म्हणून परचुऱ्यांचा दंडक होता की कारकुनाच्या पायात बूट पाहिजेत. पहिल्या वर्षी ते बूट चावायचे. पुढं सवय झाली. सहा महिने कोंडाजी डोंगर चढला तो बूट घालूनच. आणि देवाच्या पालखीला पायताण चालत नाही.

जत्रेसाठी त्यानं आठ दिवसांची रजा मागितली. परचुऱ्यांनी तीनच दिवस दिले, एक जायचा, एक जत्रेचा, एक यायचा. त्यामुळं जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तो कोंढारवाडीत पोचला. अंगणात बूट काढून पाय पुढं केले. विठाबाई पाणी घालता घालता थांबली. तिनं त्याचा तळवा अंगठ्यानं दाबून बघितला.

"आवो, ह्ये काय? पाय लोण्यावाणी झाल्यात की."

"मग? धुवायचेत का नुसते बघायचेत?"

"उद्या कातळावरनं जायचंय. चैताचं ऊन हाय. तवा तापतोय तसा कातळ तापतोय दुपारचा. थांबा, बिब्बा घालते तळव्याला. लय न्हाई, पर जरा तरी कातडं निबर व्हईल..."

"विठे, मला शिकवू नकोस. सहा महिने मी काय झक मारली? खांदा बघ. हा बघ खांदा."

"खांदा दिसतोय मला. मी पायाचं सांगतीय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" कोंडाजी गरजला. बिब्बा विठाबाईनं परत डब्यात ठेवला आणि डबा जरा जोरातच फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला, 'चांगभलं' झालं, आणि कोंडाजीनं दांडी खांद्यावर घेतली. पुढं हातात घंटा घेतलेला गेणू गुरव, शेजारून भिमाजी, मागं डोक्यावर देवाच्या आंघोळीच्या घागरी घेतलेल्या बाया. त्यात विठाबाई.

पहिला चढ मातीचा. कोंडाजी असा चढला की गावानं बघत राहावं. छाती भात्यासारखी चालत होती, खांदा हलत नव्हता. भिमाजीचं तोंड उतरलं. कोंडाजीनं मुद्दाम त्याच्याकडं बघितलं. खा म्हणावं आता आपट्याची पानं.

मग कातळ लागला. पहिल्या दहा पावलांत तळवे चुरचुरले. पुढं भाजायला लागले. कोंडाजीनं टाचा टेकून बघितल्या, मग पायाच्या कडा. त्यामुळं पालखी एका अंगाला कलली आणि मागचे ओरडले. तळव्याला फोड आले आणि पुढच्या पावलाला फुटलेही. खांदा शाबूत होता, दम शाबूत होता, सहा महिन्यांची सगळी कमाई जागच्या जागी होती. आणि पाय भुईला टेकववत नव्हते. विसाव्याचा दगड समोर दिसत होता.

"सोड, कोंडा," भिमाजी कानाशी म्हणाला.

"हात लावशील तर बघ."

पुढच्या पावलाला त्याचा पाय मुडपला. दांडी खाली गेली, पालखी हिसकली, लोकांनी श्वास रोखला. भिमाजीनं पागोट्याची घडी करून खांद्यावर ठेवली आणि तो पुढं झाला. तेवढ्यात बायांच्या रांगेतून विठाबाई आली. घागर तिनं कातळावर ठेवली, पदर खोचला आणि भिमाजीच्या आधी दांडीखाली शिरली. दांडी वर आली.

"तुमी निगा भाईर. घागर घ्या," ती म्हणाली.

"विठे, अब्रू घालवतीस का माजी? मागं हो!"

"अब्रूचं मागनं बगू. दांडी सोडा."

त्यानं सोडली. सोडली म्हणजे सुटलीच. पालखी पुढं निघाली.

भिमाजी भडकला. "गेणूआबा, बाईचा खांदा? ह्ये कुटं ऐकलंय? देवाला चालतंय व्हय?"

विठाबाई चालता चालताच बोलली. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघून बोलली, पण आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "घरातलं मानूस म्हनल्यात न्हवं? मग मी कुणाच्या घरातली, भावजी? चौदा साल भाताचं भारं ह्याच खांद्यावरनं आणलं. तुमचा चुलता गेल्या जत्रंपासनं मरंपातुर अंथरुणाला व्हता. त्याला पाठीवर घिऊन परसाकडं मी नेत व्हते. तवा आला न्हाईसा तुमी ईचारायला, ह्यो खांदा बाईचा का बाप्याचा!"

भिमाजीनं गुरवाकडं बघितलं. गेणू गुरव म्हातारा, उन्हानं आधीच कावलेला. "पालखी थांबली तर देव कोपंल," तो म्हणाला. "खांदा कुणाचा त्ये खाली उतरून भांडा. चला!" आणि त्यानं घंटा बडवली.

कोंडाजी कातळावर उभा राहिला. संताप इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं साऱ्या गावात बाजूला सारलं आपल्याला. तिला ओढून काढावी, असंही मनात आलं. मग त्याला पुढं जाणाऱ्या तिच्या टाचा दिसल्या. काळ्या, भेगाळलेल्या, तापल्या कातळावर सावकाश पडणाऱ्या. इतक्या वर्षांत त्यानं त्या कधी बघितल्या नव्हत्या. काल तिनं आपला पाय हातात घेऊन बघितला होता. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग आला.

त्यानं घागर उचलून उजव्या खांद्यावर घेतली आणि लंगडत मागून निघाला. दर पावलाला पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं. तेवढंच बरं वाटत होतं.

पालखी विसाव्याला टेकली तेव्हा विठाबाईनं दांडीखालून निघून पदर नीट केला आणि घागरीत डोकावून बघितलं. "निम्मी सांडली की. देवाच्या आंघोळीचं पाणी व्हतं."

कोंडाजीनं ओरडायला तोंड उघडलं. मग म्हणाला, "पाय भाजत व्हते."

"मग मी काल काय सांगत व्हते?"

भिमाजी खाली उतरून पंचायत बोलवणार होता, म्हातारी माणसं महिनाभर कुरकुरणार होती, पण दांडी दुसऱ्या घरात गेली नव्हती.

जत्रेनंतर दोन दिवसांनी कोंडाजी वखारीत आला तो पायांना हळदीची फडकी बांधून. कोळशाच्या ढिगावरची खुर्ची परचुऱ्यांनी खिळे मारून आत आणून ठेवली होती. "बसा आता," ते म्हणाले. "आणि बूट कुठायत?"

कोंडाजीनं खुर्ची पायानं बाजूला सारली, कळ मस्तकात गेली तरी सारली, आणि खोक्यापुढं उभा राहून दौतीत टाक बुडवला.

"बूट गावी ठेवलेत," तो म्हणाला. "पुढच्या चैत्रात बायकोबरोबर कातळ चढायचाय."