कोठीतला लेख

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'कोठीवाली'. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग तर नव्हताच, उलट बरं वाटायचं. ग्रंथपालांना त्यांच्या चालीवरून 'बदक' नाव पडलं होतं, त्या मानानं आपलं पुष्कळ बरं, असं ती घरी जावेला सांगायची.

तिच्याकडे काम होतं संशोधनाच्या जर्नल्सचं. पूर्वी ती टपालानं यायची, बांधणी होऊन कपाटात बसायची आणि मग जागची हलायची नाहीत. पुढे वरच्या लोकांनी ठरवलं की आता सगळं संगणकावर. बांधीव खंड रद्दीत गेले, कपाटांच्या जागी गुळगुळीत टेबलं आली आणि दारावर 'डिजिटल ग्रंथालय' अशी पाटी लागली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कारण ती जर्नल्स उघडली तर उघडली. कधी वर्गणीचं नूतनीकरण कुणाच्या तरी टेबलावर अडकायचं, कधी महाविद्यालयाचं इंटरनेट बदललं की प्रकाशकाची साइट ओळखच दाखवायची नाही. कधी तर काहीही कारण नसताना पडद्यावर तेच थंड वाक्य यायचं: आपल्या संस्थेला हा लेख पाहण्याची परवानगी नाही. मग डॉक्टरमंडळी येऊन तिच्यावर डाफरायची, जणू कुलूप तिनंच घातलं होतं.

म्हणून तिनं कोठी सुरू केली. साइट चालू असेल तेव्हा लोकांनी मागितलेले, आणि पुढे मागतील असे वाटणारे लेख आपल्या संगणकावर उतरवून ठेवायचे, आजारांप्रमाणे लावायचे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली ती नव्हती. हे नियमात बसतं का, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारायचं त्यांनाच कोठीची सवय लागली. साइट बंद पडली की ते तिच्या टेबलाशी येत, जरा ओशाळून विचारत, "बाई, कोठीत आहे का?" बहुतेक वेळा असायचं. त्या क्षणी तिला जे वाटायचं, ते पगारानं कधी वाटलं नाही.

एकच गोष्ट ती करत नसे. एकदा उतरवलेला लेख पुन्हा साइटवर जाऊन पाहत नसे. घरात आहे ते पुन्हा बाजारातून कशाला आणायचं? पण साठवलेल्या धान्याला कीड लागली तर जाळी दिसते, वास येतो. साठवलेल्या लेखाला वास नसतो. तो आहे तसाच दिसत राहतो, आणि माणूस तिथेच फसतो.

त्या आठवड्यात तिची थोरली बहीण महाविद्यालयाच्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर दाखल झाली. आई गेल्यावर हिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या ताईनं. स्वतःचं लग्न दोनदा लांबवलं, ते का हे कधी बोलून दाखवलं नाही. आता तापानंतर ताईला झटके येऊ लागले होते आणि नेहमीची औषधं हार खात होती. अंग कडक व्हायचं, डोळे वर जायचे, आणि बाजूला भावोजी पलंगाची कड धरून नुसते उभे राहायचे.

मेंदूचे डॉक्टर स्वतः खाली ग्रंथालयात आले.

"बाई, एक औषध आहे, पण या आजारात ते किती द्यायचं हे एकाच लेखात नीट दिलंय. आणि तुमची साइट बंद."

"चार दिवस झाले, सर. तक्रार केलीये."

"दुसरीकडून मागवला तर परवा मिळेल. ताईंकडे तेवढा वेळ आहे असं मला वाटत नाही."

तिनं कोठी उघडली. लेख होता. दोन वर्षांमागे कुणासाठी तरी उतरवलेला, तक्त्यांसकट. तिनं तो छापून त्यांच्या हातात ठेवला. डॉक्टरांनी तक्त्यातल्या मात्रेवर पेन्सिलनं रेघ मारली, "दर वेळी एवढं, दिवसातून चारदा," असं स्वतःशीच पुटपुटले आणि म्हणाले, "तुम्ही नसतात तर पंचाईत होती."

दुसऱ्या दिवशी झटके थांबले. संध्याकाळी ती वर गेली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. जीभ जरा जड होती, पण तिची धार जागेवर होती.

"तुझ्या कोठीतलं औषध म्हणे."

"औषध त्यांचं गं. कागद तेवढा माझा."

"लहानपणापासून साठवतेस. कुणाला काही द्यायची नाहीस," ताई म्हणाली आणि हसली. भावोजींनी धाकट्या मेहुणीला चक्क हात जोडले. ती लाजली. घरी जाताना मात्र तिच्या मनात आलं, ताई बोलताना शब्दांच्या मध्ये फार थांबत होती. अशक्तपणा असेल, असं म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला.

पुढच्या दिवशी सकाळी साइट सुरू झाली. आता डॉक्टरांना या औषधावरचं नवं काही शोधून द्यावं, त्यांनी न मागता, अशा उमेदीनं तिनं औषधाचं नाव टाकलं. सगळ्यात वर तोच लेख आला. पण त्याच्या डोक्यावर लाल पट्टी होती, कोठीतल्या प्रतीवर नसलेली. पट्टीवर लिहिलं होतं: दुरुस्ती.

तिनं ती उघडली. मजकूर दोनच ओळींचा होता. तक्त्यात 'दर वेळी' म्हणून छापलेली मात्रा ही संपूर्ण दिवसाची समजावी. चुकीबद्दल खेद आहे.

दुरुस्ती छापून येऊन दोन वर्षं होत आली होती. तिनं लेख उतरवला, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती आली होती. तेव्हापासून साइटवर प्रत्येकाला लाल पट्टी दिसत होती. दिसली नव्हती ती फक्त तिच्या कोठीतून घेणाऱ्यांना.

दिवसाची मात्रा, आणि ती दिवसातून चारदा. तिनं फोन उचलला. वॉर्डचा नंबर तिला पाठ होता, तरी बोटं दोनदा चुकली.

"बाई का?" वॉर्डमधल्या सिस्टरचा आवाज मजेत होता. "काळजी करू नका. तुमच्या ताईंना एकही झटका नाही."

"औषध थांबवा. पुढचं देऊ नका, डॉक्टरांना—"

"सकाळचं दिलं की मघाशीच. गाढ झोपल्यात. तुमचे भावोजी म्हणाले झोपू द्या, इतक्या दिवसांनी झोपतेय."

"उठवा तिला."

"अहो, पण—"

"सिस्टर, पाया पडते, तिला हाक मारा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग लांबून सिस्टरची हाक, लाडिक, मोठ्या माणसाला उठवताना मारतात तशी, "ताई... अहो ताई." थोडं थांबून दुसरी, जरा जोरात. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ती ताईच्या 'ओ'ची वाट पाहत राहिली.

तिसरी हाक ताईला नव्हती. ती डॉक्टरांना होती.