वस्तादांचा ब्लोहोल

आमच्या वस्तादांच्या हातून ओतकामात ब्लोहोल कधीच पडला नाही. पडायचा तो दुसऱ्या कुणामुळे तरी.

शिवऱ्याच्या त्या छोट्या कारखान्यात वस्ताद वाळूचे साचे भरायचे आणि मी स्टोअर सांभाळायचो. वितळलेल्या धातूत हवा किंवा वाफ कोंडली की आत पोकळ भोक राहतं, तोच ब्लोहोल. असा माल निघाला की वस्ताद आधी भोकावर अंगठा ठेवायचे, मग कारणं सुरू. वाळू दमट होती, वीज कमी होती; अगदीच काही सुचलं नाही तर, "भोरकर मगाशी हितं शिंकलं." भोरकर म्हणजे मी.

एकदा साहेबांनी अंगठा उचलायला लावला. वस्तादांनी शांतपणे मोबाईलवर देवमासा दाखवला. "ह्येच्याबी डोक्यावर भोक हाय, साहेब. ह्येला कुणी रिजेक्ट केला का?" साहेबांनी माल रिजेक्टच केला, पण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पुढे कोकणच्या सहलीत, खडकातल्या भोकातून समुद्र कारंज्यासारखा उडताना पाहून आम्ही सगळे फोटो काढत सुटलो. वस्ताद खडकाला चापट मारून म्हणाले, "साचा नीट दाबलेला न्हाई."

निवृत्त होताना आपल्या गावच्या, मार्गासनीच्या देवळाला आपल्या हातची घंटा द्यायची, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. ओतण्याआधी भट्टीपुढे नारळ फोडायची आमची पद्धत. मी म्हटलं, देवाचं काम आहे, थेट साच्यावरच फोडू. भक्ती अशी उतू गेली की थोडं पाणी साच्याच्या तोंडात गेलं. वाळूने ते मुकाट पिऊन टाकलं. देवाला पोचलं असं समजून मी हात जोडले. इतकी वर्षं स्टोअरात काढून मला नटबोल्ट कळत होते, वाफ नाही.

साचा फोडला तर घंटेच्या काठाशी चिंचोक्याएवढं भोक. वाजवली तर खोकल्यासारखा आवाज. उत्सव दुसऱ्या दिवशी, आणि पाटील नि पोरांना घेऊन आलेला गावचा टेम्पो दारात उभा. तेव्हा कुठे नारळपाणी माझ्या डोक्यात शिरलं. वस्तादांना सांगितलं आणि गावकऱ्यांनाही सांगायला निघालो. वस्तादांना आयुष्यात पहिल्यांदा खरा गुन्हेगार सापडला होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"गप बसा, भोरकर. नारळ फोडला म्हणून बोलणी खायची, असं माझ्या गावात न्हाई व्हायचं."

बाहेर जाऊन त्यांनी ते भोक गावच्या पाटलांपुढे उघडं धरलं. "पाटील, माझ्या हातनं चुकलं."

पाटलांनी टिचकी मारून कान लावला. "बाकीच्या देवळांच्या घंटा सगळ्या सारख्याच वाजत्यात," पाटील म्हणाले. "ही खोकती ती आपली. चढवा."

वस्ताद घंटा मांडीशी धरून टेम्पोत बसले. मी निरोप घ्यायला गेलो तर डोळे पुसत होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "ह्या पोरांनी गुलाल लई उधळलाय."

गुलालाची पिशवी अजून कुणी फोडलीही नव्हती.